जुन्या लॅपटॉपवर आईचे अभंग रेकॉर्ड करायचेत : हलकं आणि परवडणारं सॉफ्टवेअर सुचवा

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची आहे. चिंचवडला आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. तिच्या वहीत अभंग, गवळणी, भारुडं मिळून चाळीसेक रचना आहेत. शब्द वहीत आहेत, चाली मात्र तिच्या गळ्यातच. काही चाली तिच्या आईकडून आलेल्या, दुसरीकडे कुठे ऐकल्या नाहीत. परवा एका गवळणीचं दुसरं कडवं म्हणताना ती थांबली आणि म्हणाली, "पुढची चाल कशी होती गं?" तेव्हापासून मला चैन नाही.

फोनवर रेकॉर्ड करून बघितलं. टाळ सुरू झाले की आईचा आवाज बुडतो, टाळ थांबले की मागचा पंखा वर येतो. घरात २०१६ सालचा लॅपटॉप आहे, आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. एका मोठ्या नावाच्या सॉफ्टवेअरची ट्रायल टाकली तर डाउनलोडमध्ये रात्र गेली आणि सकाळी ते उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. उघडल्यावर लॅपटॉपचा पंखा असा सुटला की तोच रेकॉर्ड झाला असता.

सॉफ्टवेअर, माइक, जे काय लागेल ते सगळं मिळून १५ हजारांत बसवायचंय. मला संगीतातलं कळतं थोडंफार, कॉम्प्युटरमधलं एक्सेलपुरतं. काय घेऊ?

हाकानाका_१००

ऑडॅसिटी. फुकट. हाकानाका. धागा संपला, कुलूप लावा.

पांढरीचार

@हाकानाका, इतक्यात कुलूप नको. ऑडॅसिटी मीही बारा वर्षं वापरतोय आणि एकट्या माणसाचा आवाज घ्यायचा असेल, अभिवाचन, पॉडकास्ट, तर मीही तेच सांगेन. २००० सालापासून फुकट मिळतंय, जुन्या यंत्रावर चालतं. आवाजामागची घरघर काढायचं त्याचं अस्त्र तर माझ्या आजोबांनाही जमेल : जिथे कोणी बोलत नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडा, 'ही घरघर' म्हणून त्याला ओळख करून द्या, मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून ती वजा करा.

पण तुळसताईंना पेटी वेगळी, आवाज वेगळा, पखवाज वेगळा असं एकावर एक रचायचं असेल तर तिथे ऑडॅसिटी अंगावर येतं. आधी रेकॉर्ड केलेलं ऐकत ऐकत त्यावर दुसरं गायलं की नवा ट्रॅक किंचित मागेपुढे बसतो. त्यासाठी सेटिंगमध्ये लेटन्सी (म्हणजे आवाजाला होणारा उशीर) भरपाईचा आकडा असतो, तो आपोआप उणे १३० मिलिसेकंद धरलेला असतो, आणि तुमच्या यंत्राचा खरा आकडा टाळ्या वाजवून मोजून तिथे भरावा लागतो. करता येतं. पण एक्सेलपुरत्या माणसाला पहिल्याच दिवशी हे नको.

रात्रपाळी

माझं मत रीपर. जरा सविस्तर लिहितो कारण रीपरबद्दल गैरसमज फार आहेत.

पहिलं म्हणजे आकार. विंडोजची इन्स्टॉलर फाइल पंधरा-वीस एमबीच्या घरात. आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सातच्या आत याहून जास्त गुलाबाची फुलं येतात. पेनड्राइव्हवर टाकून तिथूनही चालवता येतं. ज्यांनी विनअॅम्प काढलं त्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकॉस कंपनीचं हे सॉफ्टवेअर, त्यामुळे हलकेपणा रक्तातच आहे. माझ्या ४ जीबीच्या डबड्यावर मी २२ ट्रॅकचं काम केलंय.

दुसरं, पैसे. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरायला देतात, एकही बटण बंद न ठेवता. त्यानंतर ६० डॉलर. धंद्यातून वर्षाला २० हजार डॉलरच्या वर उलाढाल असेल तरच २२५ डॉलरचा परवाना लागतो, आईच्या अभंगांना नाही. आणि आज सातव्या आवृत्तीचा परवाना घेतला तर आठवी संपेपर्यंत चालतो. दरमहा हप्ता वगैरे भानगड नाही.

तिसरं, तक्रार. दिसायला ते सरकारी कचेरीसारखं आहे. करड्या पट्ट्या, बारीक अक्षरं, उजव्या क्लिकवर हातभर मेन्यू. घाबरू नका, त्यातली नव्वद टक्के बटणं मी अजून दाबलेली नाहीत. कंट्रोल-टी दाबलं की नवा ट्रॅक, ट्रॅकवरचं लाल बटण दाबलं की तो रेकॉर्डिंगला तयार, कंट्रोल-आर दाबलं की सुरू. आई गाईल तेव्हा आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास उड्या मारू दे. शून्याला टेकून लाल झाली की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

वाद्यं मात्र त्यात येत नाहीत. तयार तानपुरा, तबला असलं काही मिळणार नाही. तुमच्याकडे खरी माणसं आहेत म्हणून तो प्रश्नच नाही.

गाभुळलेली_चिंच

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडेही आजीच्या ओव्या आहेत, कॅसेटवर. त्याचा वेगळा धागा काढते.

बे_एरियातला_बंड्या

गॅरेजबँड! फुकट, सुंदर, आईसुद्धा वापरेल. आत कॉम्प्रेसर, इको सगळं तयार.

सायलेन्सर

@बंड्या, आणि मॅक कोण देणार, तू? :)

बे_एरियातला_बंड्या

@सायलेन्सर, पुढच्या डिसेंबरात येतोय, बॅगेत टाकून आणतो. चिवड्याच्या बदल्यात.

नाद_खुळा_कोल्लापूर

ताई, एवढं कशाला डोकं लावताय. आमच्या गल्लीत पोरगं आहे, सगळी मोठमोठी सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये देतंय. दोनशे रुपयं फक्त. लै भारी चालत्यात.

जुनाजाणता

@नाद_खुळा, त्या दोनशे रुपयांत माझे सहा महिने गेले होते. असंच 'फोडलेलं' सॉफ्टवेअर टाकलं, आठवडाभर झकास चाललं. नवव्या दिवशी लॅपटॉपवरच्या सगळ्या फायलींची नावं बदलली आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. त्यात माझ्या गुरुजींच्या तीन बैठका होत्या. प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, ती चूक माझीच. पण निमित्त ते पेनड्राइव्हच.

रीपर ६० दिवस फुकट आणि ऑडॅसिटी कायमचं फुकट असताना चोरीचं घेण्यात शहाणपणा काय?

नाद_खुळा_कोल्लापूर

बरं बाबा, चुकलं. गुरुजींचं ऐकून वाईट वाटलं.

सोनारसोडून_सगळं

माझ्या नावातच दुखणं आहे. मी केकवॉक कंपनीच्या सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर शिकलो. २०१७ ला गिब्सनने कंपनीचं कामच थांबवलं, माझे अर्धे प्रोजेक्ट त्या सॉफ्टवेअरच्या फायलींत. २०१८ ला बँडलॅबने ते विकत घेऊन चक्क फुकट वाटलं, आम्ही नाचलो. पुढे ते फुकटचं केकवॉक गुंडाळायचं ठरलं आणि सोनार नावाने नवा अवतार आला. केवळ विंडोजवर चालतं, चांगलंच आहे, पण ४ जीबीवर मी सुचवणार नाही.

तात्पर्य नाही, सवय सांगतो : कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, काम झालं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह फाइल म्हणून वेगळा काढून ठेवा. सॉफ्टवेअर मरेल, वेव्ह मरत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) एका मोनो ट्रॅकचं मिनिट ८.६ एमबी होतं. सहा मिनिटांचा अभंग दोन ट्रॅकवर घेतला तर १०४ एमबी. चाळीस अभंगांचे चारेक जीबी. एवढ्यासाठी कंजुषी नको, दोन जागी ठेवा.

हाकानाका_१००

प्रो टूल्स इंट्रो पण फुकट आहे. ८ ऑडिओ ट्रॅक मिळतात. एलएमएमएस पण आहे.

रात्रपाळी

@हाकानाका, एलएमएमएस १.२ मध्ये माइकवरून आवाज रेकॉर्डच होत नाही हो, ते बीट बनवायचं सॉफ्टवेअर. एफएल स्टुडिओची सर्वांत स्वस्त आवृत्तीही बरीच वर्षं तशीच होती, आवाज घ्यायला वरची घ्यावी लागायची. बघून सांगत जा राव.

हाकानाका_१००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करतो. ऑडॅसिटीवर मात्र ठाम.

कान_उघाडणी

वीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे. मंडळी, तुम्ही सगळे ताटाची चर्चा करताय, भाजीबद्दल कोणी बोलत नाही.

ताई, १५ हजारांतले सॉफ्टवेअरला शून्य ठेवा, निदान पहिले ६० दिवस. दोन माइक लावता येतील असा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या, सेकंडहँड चालेल. माइक घेताना कंडेन्सर घेऊ नका. दुकानदार तोच गळ्यात मारेल, "स्टुडिओवाला आहे मॅडम" म्हणून. कंडेन्सर माइक खोलीतलं सगळं ऐकतो : शेजारची मिक्सी, लिफ्टचं दार, खालच्या मजल्यावरचा हनुमान चालिसा. तुमच्या हॉलमध्ये साधा डायनॅमिक माइक बरा, आईच्या तोंडापासून चार बोटांवर. त्याला ४८ व्होल्ट फँटम पॉवरही (इंटरफेसने माइकला पुरवायची वीज) लागत नाही.

खोलीचं म्हणाल तर फोमच्या चौकोनी गाद्या विकत घेऊ नका. घरात गोधड्या आहेत ना? आईच्या पाठीमागे दोरी बांधून दोन जाड गोधड्या टांगा. माइकची पाठ उघड्या कपाटाकडे करा, आतल्या साड्या आवाज पितात. हॉलपेक्षा बेडरूम बरी. पंखा बंद. हो, उकडेल. दोन अभंग झाले की पंखा लावून ताक प्यायचं, मग पुढचे दोन.

आणि टाळ. टाळकऱ्यांना पहिल्या दिवशी बोलावूच नका. टाळाचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. आवाज आणि पेटी आधी घ्या, टाळ नंतर वेगळ्या ट्रॅकवर. मंडळी ऐकणारच नसतील तर टाळकरी पार दाराबाहेर पॅसेजमध्ये.

पखवाजी

टाळकऱ्यांच्या वतीने निषेध. :)

पखवाजाचं एक सांगतो. डाव्या बाजूला कणीक लावलेली असते, माइक तिच्या नाकासमोर ठेवू नका. घुमारा इतका येतो की पट्टी लाल होते. एक वीत लांब आणि जरासा तिरका ठेवा. दोनच माइक असतील तर एक आईला, दुसरा पखवाज आणि पेटीच्या मधे, पेटीकडे झुकलेला. पेटीचा आवाज लहान, पखवाजाला माइक नसला तरी तो येतोच.

खिडकीतली_तुळस

बापरे, किती जणांनी किती मनापासून लिहिलंय! सगळं वहीत उतरवलं.

काल रीपर टाकलं. खरंच दोन मिनिटांत उघडलं, म्हणजे दोन मिनिटं मी बटण शोधत होते, ते लगेच उघडलं. इंटरफेस अजून यायचाय, म्हणून लॅपटॉपच्याच माइकवर पेटीचा एक ट्रॅक घेतला आणि ती ऐकत आईला गायला लावलं. आईने दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, "मागे कोणीतरी मला वेडावून दाखवतंय." मी लावून बघितला तर खरंच, आपण बोललं की आपलाच आवाज मागून येतो. आणि रेकॉर्ड झालेलं ऐकलं तर गाणं पेटीच्या मागे पडलेलं. रीपरमध्ये काही चुकतंय की माझा लॅपटॉप गेला?

रात्रपाळी

लॅपटॉप गेलेला नाही. ही लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, वाटी भरली की ओततो. त्या वाटीला बफर म्हणतात. वाटी १०२४ सॅम्पलची, म्हणजे नमुन्यांची, असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला ती भरायला २३ मिलिसेकंद लागतात, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. १२८ ची केली तर ३ मिलिसेकंद. वाटी फार छोटी केली की जुन्या प्रोसेसरची धावपळ होते आणि आवाजात टिकटिक येते, म्हणून रेकॉर्ड करताना लहान, नंतर मिक्स करताना मोठी.

विंडोजचा नेहमीचा साउंडचा रस्ता लांबचा आहे. असिओ नावाचा जवळचा रस्ता लागतो, तो इंटरफेससोबत येतो. इंटरफेस येईपर्यंत असिओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकून बघा. रीपरच्या प्रेफरन्समध्ये ऑडिओ डिव्हाइसवर जा, तिथे असिओ निवडा, बफर २५६ ठेवा. वायफाय बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर.

तिनईत_बसलेला

अंतरात सांगू का? आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण एक फूट जातो. ३ मिलिसेकंद म्हणजे पेटीवाला तुमच्यापासून तीन फुटांवर. १० मिलिसेकंद म्हणजे हॉलच्या पलीकडच्या भिंतीशी. तेवढ्यात कुठलंही भजनी मंडळ आरामात गातं.

ध्रुवपद

अवांतर : एवढं सगळं मिलिसेकंदात मोजताय, पण कृपया आईंच्या कानात ती टिकटिक, क्लिक ट्रॅक लावू नका. अभंग चढत जातो, शेवटच्या कडव्याला लय वाढते, ती वाढायलाच हवी. आणि तो सूर 'दुरुस्त' करणारा प्रकार तर लांबच ठेवा. मींड सुरांच्या मधूनच जाते, त्या यंत्राला ते 'मधलं' कळत नाही. ते ओढून जवळच्या सुरावर बसवतं आणि आईंची गवळण मोबाइलच्या रिंगटोनसारखी होते.

पांढरीचार

@ध्रुवपद, लयीचं अर्धं पटतं. एकत्र गात असतील तर क्लिक नकोच. पण ट्रॅक वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे असतील तर काहीतरी आधार लागतो. क्लिकऐवजी पखवाजाचा आठ मात्रांचा भजनी ठेका आधी घ्यावा आणि त्यावर गावं, ठेक्यालाच चढू द्यावं.

मी विलंबित एकतालासाठी काय करतो सांगतो : एका मात्रेचे चार भाग धरायचे, म्हणजे मिनिटाला १२ मात्रांची लय असेल तर टिकटिकीच्या यंत्रावर ४८. आवर्तन ४८ टिकटिकांचं. नाहीतर दोन टिकांच्या मधे माणूस चहा करून येतो.

ध्रुवपद

ठेका चालेल. सूर दुरुस्तीबद्दल माघार नाही.

कान_उघाडणी

सूर दुरुस्तीबद्दल माझंही अनुमोदन. पैसे मिळतात म्हणून करतो, घरी करत नाही.

जुनाजाणता

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी कर्ण्यासमोर उभं राहून गायलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. ना बफर, ना दुसरा टेक. आणि आपण इथे...

सायलेन्सर

जुनाजाणता, तुम्ही होतात का तिथे? ह.घ्या.

पेंग्विनवाला

माझी नेहमीची पिपाणी वाजवतो. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्या लॅपटॉपवर ११ बसेल असं वाटत नाही. लिनक्स मिंट टाका, ४ जीबीत चालतं. रीपर लिनक्सवरही आहे. आर्डर नावाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरही आहे : त्याचा सोर्स मोफत, तयार बांधलेल्या प्रतीसाठी ते थोडे पैसे मागतात, पण लिनक्सच्याच भांडारातून घेतलं तर तेही नाही.

रात्रपाळी

@पेंग्विनवाला, खरं आहे, पण आत्ता नको. आधी चाळीस अभंग होऊ देत, मग ऑपरेटिंग सिस्टिम. रेकॉर्डिंग करताना इंटरनेट बंदच ठेवा म्हणजे झालं.

बेसूर_बेताल

लेटन्सीवरून आठवलं. आमच्या भावगीतांच्या ग्रुपने गणपतीत सीडी काढली होती. मित्राच्या घरी ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं, माझ्या कॉम्प्युटरवर कुठल्याशा सेटिंगने ते ४४.१ धरून वाजलं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एक आणि खालची पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसलं, आणि गाणारा सर्दी झाल्यासारखा. आम्ही दोन तास पेटी जुळत नाही म्हणून पेटीवाल्याला बोलत होतो. बिचाऱ्याने तेव्हापासून ग्रुप सोडला.

ताई, पहिल्याच दिवशी रीपर, इंटरफेस आणि विंडोज तिन्हीकडे ४८ करून टाका.

पखवाजी

पेटीवाल्याची माफी मागितली का?

बेसूर_बेताल

वडापाव पाठवला होता. खाल्ला, पण आला नाही.

खिडकीतली_तुळस

आज इंटरफेस आला! सेकंडहँड, साडेपाच हजार. डायनॅमिक माइक नवा, स्टँड आणि वायरसकट साडेतीन. ड्रायव्हर टाकला, असिओ निवडलं, बफर १२८, तिन्हीकडे ४८. आणि तरीही तेच! आईचा आवाज कानात मागूनच येतोय, पहिल्याइतकाच. आता शब्दशः अर्धी ओळ मागे. शिवाय आता बारीक 'हूंऽऽ' असा आवाजही येतोय, माइक बंद असला तरी. मी रडकुंडीला आलेय.

कान_उघाडणी

हूंऽऽ चं आधी. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. चार्जरला दोनच पिना आहेत का? अर्थिंग मिळत नाही म्हणून विजेची ५० हर्ट्झची घरघर आणि तिची भावंडं १००, १५० वायरीतून आत येतात. बॅटरीवर गेलं तर चोर सापडला.

लेटन्सी १२८ वर अर्धी ओळ मागे येणं शक्यच नाही. कुठेतरी दुसरंच काहीतरी आहे.

तिनईत_बसलेला

ताई, एक भाबडा प्रश्न. हेडफोन कुठला वापरताय?

खिडकीतली_तुळस

भावाने दिलेला, चांगला आहे. गळ्यात अडकवायचा, ब्लूटूथ.

रात्रपाळी

...

सायलेन्सर

सापडला! सापडला! सापडला!

तिनईत_बसलेला

:) ब्लूटूथवर आवाज पोचायला सहज दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. माझ्याच हिशोबाने २०० म्हणजे दोनशे फूट. आई इथे, आणि त्यांचा आवाज कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून परत येतोय. म्हणून त्यांना वेडावल्यासारखं वाटलं.

रात्रपाळी

आठवडाभर मी वाटी, बफर, असिओ लिहितोय आणि कोणी, म्हणजे मीसुद्धा, हेडफोन विचारला नाही. दंडवत घ्या तिनईतले.

तुळसताई, साधा तारवाला हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा, म्हणजे पेटी त्यातून बाहेर सांडून माइकमध्ये जाणार नाही. पिन थेट इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकात. आणि इंटरफेसवर 'डायरेक्ट' लिहिलेलं बटण किंवा खुंटी असेल, ती चालू करा. मग आईचा आवाज कॉम्प्युटरच्या फेरीला न जाता माइकमधून सरळ कानात येईल. तेव्हा रीपरमधलं ट्रॅकवरचं मॉनिटरिंग (गाताना आवाज कानात ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

हाकानाका_१००

म्हणजे ऑडॅसिटीवरही हेच झालं असतं. आणि डायरेक्टवर ऐकलं तर ऑडॅसिटीही चाललं असतं. मी म्हणालोच होतो.

पांढरीचार

@हाकानाका, चाललं असतं, १३० चा आकडा नीट केल्यावर. या एका मुद्द्यावर तुला अर्धा चहा.

खिडकीतली_तुळस

चार दिवसांनी येतेय. हसा, मीही पुष्कळ हसले.

तारवाला हेडफोन १,४०० ला आणला. डायरेक्टची खुंटी फिरवली आणि आईला लावला. तिने नुसता आकार लावला आणि म्हणाली, "हां, आता मी माझ्याच घरात आहे." हूंऽऽ बॅटरीवर गेलं. चार्ज पाऊणच तास टिकतो, म्हणून तेवढ्यात तीन अभंग, मग चार्जर आणि ताक.

गोधड्या टांगल्या. आईला वाटलं वाळत घातल्यात, तिने एकदा काढूनही ठेवल्या. मामा पेटीवर, पट्टी काळी चार. सहा अभंग झाले. ती अडलेली गवळणही झाली, दुसरं कडवं मामाला आठवत होतं. टाळकरी काकांना पॅसेजमध्ये बसवलं, ते रुसलेत, रविवारी त्यांचा वेगळा ट्रॅक घ्यायचाय.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर रीपरच ठेवतेय. काल चुकून अख्खा ट्रॅक पुसला, कंट्रोल-झेडने परत आला, तेव्हाच ठरवलं. ६० दिवस संपले की पैसे भरणार. आत्तापर्यंत १०,४०० खर्च झाला, उरलेल्यापेक्षा थोडे जास्त लागतील, पण चालेल.

एक शेवटची शंका : मावशीला नाशिकला व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर तिच्याकडे आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. आमच्याकडे छान आहे. हे पण लेटन्सी का?

सायलेन्सर

नाही हो! व्हॉट्सअॅप दाबून पाठवतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आहे तसं जाईल. वेव्ह जड वाटली तर रीपरमधूनच ३२० चं एमपीथ्री काढा.

कान_उघाडणी

आणि मावशींना विचारा ऐकतात कशावर. फोनच्याच स्पीकरवर ऐकत असतील तर तो डबाच आहे.

खिडकीतली_तुळस

विचारलं. ब्लूटूथ स्पीकर, फ्रिजवर ठेवलेला.

पखवाजी

टाळकरी काकांना रविवारी चहासोबत काहीतरी खायला द्या, ताई. पेटीवाल्याचं उदाहरण वर आहेच.